इसार दिलेली गाडी

काका पहिल्यांदा आमच्या इंदूरच्या गाड्यांच्या शोरूममध्ये आले, तेव्हा त्यांच्या मागून दरवाज्यावरचा गार्ड केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन येत होता. घड ठेवायला कुठे जागा नव्हती. सगळीकडे काच आणि पांढरी फरशी. शेवटी काकांनी तो मॅनेजरसाहेबांच्या काचेच्या टेबलावरच ठेवायला लावला. दांड्यातला चीक टेबलावर ओघळला. मॅनेजरसाहेबांनी तो खिशातल्या रुमालाने पुसला. केळीचा चीक कपड्यावरून कधीच निघत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"बुऱ्हाणपूरचा माल आहे, साहेब," काका म्हणाले. "दोन-चार दिवस टांगून ठेवा, मंग खा. हा पोरगाही बुऱ्हाणपूरचाच आहे. दोघांलेही पिकायले टाइम लागतो."

मॅनेजरसाहेब इंदूरचे मराठी, फार सभ्य माणूस. ते हसले आणि मला म्हणाले, "तुमचे काका का?"

मी हो म्हणालो. खरं तर नात्याने ते माझे कोणी नव्हते. बुऱ्हाणपुरात त्यांची केळीची वखार होती आणि माझे वडील त्या वखारीत ट्रकात घड रचायचं काम करायचे. बारावीनंतर मीही वखारीत येईन असं वडिलांनी धरलं होतं. काकांनी त्यांना सांगितलं, "या पोराले इथं आणशील तर तुलेही इथून काढीन." मग माझ्या कॉलेजची तिन्ही वर्षं त्यांनी सांभाळली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. ही गोष्ट मी कुठेही सांगतो, ऐकणारे कंटाळतात. पण त्या उपकाराच्या बदल्यात काकांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं, आणि ते माझ्या हातातलं नव्हतं.

काकांना एक गाडी हवी होती. परदेशातली कंपनी ती मोजक्याच संख्येने बनवणार होती. बुटकी, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी. तिला हाताने टाकायचे गिअर होते. यापुढे कंपनीच्या सगळ्या गाड्या आपोआप गिअर बदलणाऱ्या निघणार होत्या, म्हणून ही तशी शेवटची. दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा मीच मोबाइलवर तिचं चित्र काकांना दाखवलं होतं. मोबाइल त्यांनी नाकापाशी धरला, मग लांब नेला, मग पुन्हा जवळ आणला.

"ही असीरगडच्या घाटात कशी जाईल रे?"

"हवेसारखी जाईल, काका."

काकांची सुरुवात क्लीनर म्हणून झाली होती. केळीचा ट्रक घेऊन त्यांचा उस्ताद इंदूरला जायचा, वाटेत असीरगडचा घाट. उस्ताद त्यांना स्टिअरिंगला हात लावू द्यायचा नाही. तो क्लच दाबायचा आणि डाव्या बाजूला बसलेल्या काकांनी गिअर टाकायचा. चुकीचा पडला तर टप्पल. पुढे स्वतःचे ट्रक झाले, वखार झाली, तरी अडचणीच्या वेळी भरलेला ट्रक काका स्वतः घाटातून काढायचे. "पण ट्रक मागं ओढतो," ते म्हणायचे. "लोड बोलतो, आपुन ऐकायचं. एकदा तरी अशी गाडी पाहिजे जी आपलं ऐकेल."

आणि त्यांच्याकडे वेळ थोडा होता. डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, थेंबांनी उरलेली थोडी जास्त टिकेल, एवढंच. आधी बाजूचं दिसेनासं होतं, मग समोरचं आकसत जातं. जोवर दिसतं आहे तोवर त्या घाटातून ती गाडी एकदा स्वतः चालवायची, एवढीच काकांची इच्छा होती. पैशाची अडचण नव्हती. केळीने त्यांना चांगलं दिलं होतं.

राज्यांच्या सीमेवरचे कराचे नाके उठले ती ही वर्षं. इच्छापूरच्या पुढे महाराष्ट्र लागतो. तिथे आधी काकांचे ट्रक ताटकळत उभे राहायचे आणि माल आतल्या आत गरम व्हायचा. आता ट्रक थेट जात होते. त्यामुळे काकांच्या मनाने घेतलं होतं की सगळा देश आता एकच बाजार झाला आहे, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने माल घ्यावा.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना शांतपणे समजावलं. कंपनी आपल्या देशाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या देणार. त्यातून आमच्या शोरूमच्या वाट्याला आली तर एक येईल. ती कोणाला द्यायची हे शोरूम ठरवत नाही. आम्ही इच्छुकांची नावं वर पाठवतो आणि ज्याने आधी कंपनीच्या गाड्या घेतल्या आहेत त्याला कंपनी पसंती देते.

"म्हणजे पैसे आहेत म्हणून मिळत नाही?"

"नाही, काकासाहेब. ग्राहकाचा इतिहास बघतात."

"माझा इतिहास? विचारा ना. चाळीस वर्षं केळी विकतो. एका शेतकऱ्याचा रुपया बुडवला असेल तर बोला."

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघितलं.

काकांनी तो इतिहासही तयार केला. त्याच महिन्यात कंपनीची एक मोठी, उंच गाडी घेतली. बुऱ्हाणपूरच्या गल्ल्यांत ती शिरेना. शनवाऱ्याच्या चौकात तिने रिक्षांची अशी कोंडी केली की लोक खाली उतरून शिव्या देऊ लागले. काकी एकदाच तिच्यात बसल्या आणि म्हणाल्या, "मंदिराच्या पायऱ्या याच्यापेक्षा कमी असतात." काकांना तर ती मुळीच आवडली नाही. "हिले गिअरच नाही. ही काय गाडी आहे? लिफ्ट आहे." पण इतिहासासाठी ठेवली, आणि जुन्या जीपनेच फिरत राहिले.

बुटक्या गाडीसाठी शोरूमने अनामत घेतली. पावतीवर लिहिलं होतं की अनामत दिल्याने गाडी मिळण्याचा हक्क उत्पन्न होत नाही आणि ग्राहक केव्हाही ती परत घेऊ शकतो. ते मी काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी ऐकलं, पावती कपाळाला लावली, टेबलावर नारळ ठेवला आणि साहेबांना म्हणाले, "झाला इसार. आता मी तुमचा, गाडी माझी."

इथे इसाराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. आमच्याकडे केळीची बाग उभी असतानाच व्यापारी बागेत जातो, घड हाताने तोलून बघतो, भाव बोलतो आणि शेतकऱ्याच्या हातावर इसार ठेवतो. त्यानंतर शेतकरी ती बाग दुसऱ्याला दाखवत नाही. व्यापारीही शेजारच्या बांधावर पाय ठेवत नाही, तिथे माल कितीही चांगला आणि स्वस्त असो. कारण केळी थांबत नाही. व्यापारी फिरला तर घड झाडावर पिकतो आणि शेतकऱ्याचं वर्ष जातं. असा फिरणारा व्यापारी डोईफोडियापासून धूलकोटपर्यंत कोणाच्या बागेत पुन्हा शिरू शकत नाही. काकांच्या सख्ख्या मेहुण्याने एकदा असं केलं होतं. काकांनी त्याला वखारीची पायरी चढू दिली नाही. काकी त्यावरून वर्षभर बोलत नव्हत्या, तरी नाही.

काही महिने गेले. एका दुपारी मला एक फोन आला. आमच्याबरोबर आधी काम करणारा एक जण आता दुसऱ्या राज्यात याच कंपनीच्या शोरूमला होता. तो म्हणाला, त्यांच्याकडची गाडी ज्याला मिळाली होती तो माणूस मागे हटला. काकांनी उद्या संध्याकाळपर्यंत होकार दिला आणि नाव बदलून वर पाठवलं तर काम होईल. त्या मोठ्या गाडीमुळे त्यांचं नाव कंपनीकडे आहेच.

माझं आमच्या शोरूमशी इमान होतं. तरी मी एक क्षणही विचार केला नाही. बाहेर पार्किंगमध्ये जाऊन काकांना फोन लावला. फोनवर त्यांच्या मागे घड मोजणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं.

काका म्हणाले, "इसार कुठं दिला आपण?"

"आमच्याकडे."

"मंग?"

"काका, तो इसार नाही. अनामत आहे. आज मागितली तर आज परत मिळते. पावतीवर लिहिलंय."

"परत मिळतो तो इसार कसला रे?"

"तेच तर सांगतोय! इथे तसली रीत नसते. ते तुम्हाला देणं लागत नाहीत, तुम्ही त्यांना देणं लागत नाही."

"तुझा साहेब तोंडघशी पडेल ना."

"नाही पडणार! त्यांच्याकडे दहा माणसं उभी आहेत. काका, आमची गाडी झाडावर पिकत नाही."

काका मोठ्याने हसले. "मंग एवढी घाई कायले करतो?"

मी त्या रात्रीच्या बसने बुऱ्हाणपूरला गेलो. सकाळी वखारीत जाऊन त्यांच्यासमोर अक्षरशः हात जोडले. वडील तिथे होते. मी शेठशी वाद घालतो आहे हे बघून ते घाबरले आणि मला गप्प बसवू लागले. काकांनी मला चहा पाजला, आणि म्हणाले, "बेटा, या वखारीतला प्रत्येक घड माझ्या शब्दावर आला आहे. आता म्हातारपणी मी दुसऱ्याच्या बांधावर उभा राहिलो हे यांनी बघायचं का? आणि तुझी नोकरी त्या साहेबाकडे आहे. तुझ्या काकानं शब्द फिरवला, असं तुले कोणी म्हणायले नको."

"मला चालेल, काका."

"मले नाही चालणार."

संध्याकाळ झाली. फोन समोर ठेवून मी बसलो होतो. सहा वाजले, सात वाजले. मग तिकडून निरोप आला की गाडी दुसऱ्याला गेली.

आमच्या शोरूमची एक गाडी आली तीही काकांना मिळाली नाही. इंदूरच्या एका तरुण माणसाला मिळाली. त्याच्याकडे कंपनीच्या बऱ्याच गाड्या आधीपासून होत्या. किल्ली देताना केक कापायचा, फुगे लावायचे, मखमली कापड ओढायचं, हे सगळं काम माझ्याकडे होतं. मी ते केलं. त्याने गाडी शोरूमच्या बाहेर काढली आणि पहिल्याच सिग्नलला बंद पाडली. त्याला हाताच्या गिअरची सवय नव्हती. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि मी दारात फुगे धरून उभा होतो.

काकांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "त्याचा नंबर आधी होता. आपला येईल."

"काका, आता येणार नाही. अनामत परत घ्या."

"राहू दे."

मग त्यांची नजर उतरत गेली. इंदूरला डॉक्टरांकडे आले की शोरूममध्ये डोकावायचे, घड घेऊनच. पहिल्या वेळी गाड्यांच्या मधून नीट चालत आले. पुढच्या वेळी बाजूच्या गाडीच्या आरशाला कोपर लागलं. त्याच्या पुढच्या वेळी काकींनी हात धरून आणलं. मी साहेबांना दोनदा विनंती केली. साहेबांनी वर लिहिलंही. वरून उत्तर आलं की ग्राहकाच्या तब्येतीचा या वाटपाशी संबंध नाही. ते खरंच होतं. त्यात रागवावं असं कोणी समोर दिसत नव्हतं. साहेब चांगले होते, नियम सगळ्यांना सारखे होते, आणि काका रोज थोडे कमी बघत होते.

शेवटी एक दिवस काकांची जीप वखारीच्या फाटकाच्या खांबाला लागली. रोजचं फाटक, रोजचा खांब. कोणाला इजा झाली नाही. काका खाली उतरले, खांब हाताने चाचपला आणि जीपची किल्ली माझ्या वडिलांच्या हातात दिली. वडील सांगत होते, मग त्यांनी त्या दिवशी केळीचा भाव काय निघाला ते विचारलं.

त्यानंतर, सगळं संपलं असं मी धरून चाललो असताना, कंपनीचा मेल आला. कुठल्यातरी देशातली एक गाडी घेणाऱ्याने नाकारली होती, ती आमच्या शोरूमला देऊ केली होती आणि त्यापुढे काकांचं नाव होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "काय करायचं? नको म्हणाले तर मी समजू शकतो. दुसरे लगेच घेतील."

मी पुन्हा बुऱ्हाणपूरला गेलो. काका ओसरीवर बसले होते, काकी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होत्या. मी बातमी सांगितली आणि त्याच दमात म्हणालो, "मी त्यांना नाही सांगतो. काही बिघडत नाही."

काकांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "इसार दिला आहे ना?"

"काका, पण आता..."

"घड कापायच्या वेळी व्यापारी म्हणत नाही की मले आता भूक नाही."

काकींचा बांध फुटला. "अहो, कोणासाठी? कोण चालवणार? आंधळ्यापुढं..." एवढं बोलून त्या थांबल्या. म्हण कोणी पुरी केली नाही. त्यांनी थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग मला म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस ना? समजाव ना ह्यांना." मी काय समजावणार होतो? मागच्या वेळी घ्या म्हणून हात जोडले होते, आता घेऊ नका म्हणून जोडले. दोन्ही वेळा उत्तर तेच मिळालं.

गाडी मोठ्या ट्रकवर लादून आली. गावातल्या गतिरोधकांवर तिचं पोट घासलं असतं, म्हणून गावाबाहेर इंदूर रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर उतरवली. गडद हिरवी होती. केळीच्या पानाच्या मागच्या बाजूला असतो तसा नाही, पुढच्या बाजूचा हिरवा. काकी हळदीकुंकू घेऊन आल्या होत्या. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, तळहात पत्र्यावरून न उचलता. रंग कोणता, ते त्यांनी विचारलं. मी सांगितला. मग ते चालवणाऱ्याच्या जागेवर बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पायांनी तिन्ही पेडल शोधली. काही वेळ तसेच बसून राहिले. पंपावरची पोरं मोबाइल काढून उभी होती.

"हो इकडे," म्हणत काका उतरले. "तू बस."

मी बसलो. ते डाव्या बाजूला बसले. गाडी सुरू केली आणि त्या इंदूरच्या तरुणासारखीच बंद पाडली.

"घाबरला?" काका म्हणाले. "तू क्लच दाब. गिअर मी टाकतो."

त्यांचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर होता. मी क्लच दाबला. पहिला पडला. पुन्हा दाबला. दुसरा पडला. त्यांना माझ्याकडे बघावं लागत नव्हतं, इंजिनचा आवाज बदलला की ते "दाब" म्हणायचे. आम्ही केळीच्या बागा मागे टाकल्या आणि घाट लागला. एकदा मी उशिरा दाबला, गिअर करकरला. काकांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यात टप्पल मारायचा प्रयत्न केला, ती सीटला बसली.

"समोर काय आहे?"

"ट्रक, काका. कापसाचा."

"राहा मागं. पुढं उलटं वळण आहे. वळणावर पिंपळ दिसला की दुसरा टाकायचा."

मी पिंपळ शोधू लागलो. तो तिथे नव्हता. रस्ता रुंद करताना गेला असावा. वळण मात्र आलं होतं.

"पिंपळ नाही, काका."

त्यांचा हात दांड्यावर तसाच राहिला, गिअर टाकला नाही. गाडी चौथ्यातच धडधडू लागली.

"नाही?"

"तोडलाय बहुतेक. वळण आलंय. दाबलाय मी क्लच."

त्यांनी दुसरा टाकला. वळण संपलं. मग म्हणाले, "मंग आता तिथं काय आहे ते सांग. सगळं सांगत चल."

मी सांगू लागलो. लोखंडी कठडा, पांढरे पट्टे, सावकाश जाण्याची पाटी, कठड्यावर बसलेली माकडं.

"माकडं?" काका म्हणाले. "ती तर तेव्हाही होती. दाब."